हिराबाईचा शेखर

टीव्हीवर दाखवतात ते खरं की हिराबाई सांगते ते खरं, असा प्रश्न निघाला की आमच्या युनिटमधल्या बावीस बायकांपैकी एकवीस जणी हिराबाईच्या बाजूने उभ्या राहायच्या. बाविसावी मी. आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट का असेना, आणि सोमवारची ती मालिका मी डोळ्यांनी बघितलेली असायची. तरी मंगळवारी मला कोणी विचारायचं नाही. मी तोंड उघडलं की बाजूची सुशीला म्हणायची, "तू गप गं. आम्हाला काय झालं ते ऐकू दे."

हे सत्त्याऐंशी सालचं. ठाण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दोन मोठ्या कंपन्यांच्या मधल्या बोळात आमचं युनिट होतं. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचं काम. एका हाताने मशीनचा दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने तांब्याची तार सोडायची, आणि डोळा वेढे मोजणाऱ्या काट्यावर. कान आणि तोंड मात्र मोकळं. त्या मोकळ्या कानांवर आणि तोंडावर हिराबाईचं राज्य होतं. बारावीत गटांगळी खाल्लेली मी विसाव्या वर्षी तिथे लागले, आणि माझा स्टूल नेमका तिच्या शेजारी आला.

हिराबाई ठाण्यातल्याच कोपरीची, जातीने कोळीण. चाळिशीची असेल. ठेंगणी, रुंद खांद्यांची, केसात रोज अबोलीचा गजरा, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही शेवटच्या स्टुलापर्यंत स्वच्छ पोहोचायचा. मासळी विकलेला आवाज तो. पण मालिका सांगताना ती तो बदलायची. शेखरचा आवाज पोटातून काढायची आणि मालिनीचा नाकाच्या शेंड्यावरून. मध्येच कोणी खोकलं तरी थांबायची आणि खोकणारीकडे अशी बघायची की पुढच्या मंगळवारी ती बाई खडीसाखर तोंडात धरून यायची. मंगळवारी कोणीही रजा घेत नसे. अंगात ताप असला तरी यायच्या. सुपरवायझरसाहेब खांबाआड उभे राहून रजिस्टर लिहिल्यासारखं करायचे, पण पान काही उलटत नसे.

मालिका होती साधीच. शेखर हा कंपनीच्या मालकिणीचा भाचा, मालिनी त्याच्या ऑफिसातली टायपिस्ट. तो रागवायचा, ती रडायची, मग तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहायचा आणि भाग संपायचा. आता हिराबाईचं ऐका. हिराबाईच्या मालिकेत मालिनी होती मालकीण आणि शेखर तिचा टायपिस्ट. ती आत बोलवायची, हा फाइल घेऊन उभा. ती म्हणायची चूक आहे, हा म्हणायचा हो मॅडम, आणि दारातून बाहेर पडताना हळूच असं काही बोलून जायचा की मालिनीला दिवसभर काम सुचू नये. पहिल्याच मंगळवारी मी म्हटलं, अहो हिराबाई, मालिनी टायपिस्ट आहे. तिने दांडा फिरवणं थांबवलं नाही. विचारलं, कोण म्हणतं? मी म्हटलं, टीव्हीत दाखवलं. ती म्हणाली, "दाखवतील गो. त्यांना काय."

झालं. संपला माझा पुरावा. मला इतका संताप आला होता की काय सांगू. मी दर आठवड्याला मुद्दाम कागदावर टिपून न्यायचे की बघा, काल असं असं झालं. बायका ऐकून घ्यायच्या, बिचारीला समजत नाही अशा नजरेने माझ्याकडे बघायच्या आणि स्टूल हिराबाईकडे वळवायच्या. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यासुद्धा. एकीने तर शेजारणीशी भांडण काढलं. शेजारीण म्हणाली, मालिनी काल पाया पडली. ही म्हणाली, पाया पडायला ती काय कोणाची नोकर आहे, कंपनी तिची आहे. नळावर अर्धा तास वाजलं म्हणे त्या दोघींचं.

पण हिराबाई नुसती उलटं सांगणारी बाई असती तर मी आज तिच्यावर चार ओळी लिहिल्या नसत्या. उलटं काय, कोणीही सांगेल. मालिनी मालकीण झाल्यावर बायकांना चेव चढला. त्याला उभा कर, त्याला चहा आणायला लाव, त्याला सगळ्यांसमोर बोल, अशा फर्माइशी यायच्या. हिराबाईने तीन मंगळवार त्या पुरवल्या. शेखर पार वाकला. आम्ही पोट धरधरून हसलो. आणि चौथ्या मंगळवारी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तिने मालिनीची कंपनी बुडवली. बंगला गेला, गाडी गेली, आणि शेखरला दुसरीकडे मोठी जागा मिळाली. आता मालिनी त्याच्या दारात अर्ज घेऊन उभी.

युनिटमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. सुशीला दोन दिवस हिराबाईशी बोलली नाही. जेवताना सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या की असं का केलंस, चांगलं चाललं होतं की. हिराबाई शांतपणे भाकरी मोडत म्हणाली, "चांगला तुमचा चालला होता. त्या पोराचा नाय. एकाच्याच हातात राह्यलं की त्याला प्रेम नाय म्हणत गो, मालकी म्हणतात." आणि मग वर्षभर हेच. कधी हा वर, कधी ती वर. कोणी पार खाली गेलं की हिराबाई त्याच्या बाजूने जाऊन उभी राहायची. कोणाला किती दाबू द्यायचं आणि केव्हा उठवायचं याचा तिचा अंदाज चुकत नसे. मी टीव्हीवर मालिका बघायचे खरी, पण बघताना वाटायचं, उद्या हिराबाई याचं काय करेल?

एकदा तिला मलेरिया झाला आणि ती आठवडाभर आली नाही. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कागदावर तिची सही हवी होती, म्हणून साहेबांनी मला कोपरीला पाठवलं. संध्याकाळचे पावणेसात झाले असतील. दारात एक उंच, काळासावळा माणूस चुलीवर भाकऱ्या थापत बसला होता. तो दामूदादा, तिचा नवरा. मी आत गेले, सही घेतली, आणि सवयीने नजर फिरवली तर घरात टीव्ही नाही. कोपऱ्यात नाही, कपाटावर नाही, कुठेच नाही. मी विचारलं, तुम्ही शेजारी जाऊन बघता का? ती म्हणाली, शेजारी बोलवत नाहीत. मग? तिने अंगठ्याने मागची भिंत दाखवली. एवढ्यात सातच्या बातम्या लागल्या आणि त्या भिंतीतून बाईचा आवाज असा स्पष्ट आला की जणू ती आमच्यात येऊन बसलीय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिराबाईने ती मालिका एकदाही बघितलेली नव्हती. ती भिंतीला पाठ लावून ऐकायची. मालिकेत शेखरची एक आत्या होती, कंपनीची खरी मालकीण, हुकूम सोडणारी, खणखणीत आवाजाची. हिराबाईला वाटलं, हीच मालिनी. आणि खरी मालिनी, जी सारखी मुसमुसत असायची, ती तिच्या मते घरातली कोणी मोलकरीण होती. मी हसू दाबत तिला हे सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, आता ओशाळेल. ती उशीला टेकून ऐकत राहिली, मग म्हणाली की मुसमुसणारीला कोणी मालिकेची नायिका करत असेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि पुढे म्हणाली, "बरा झाला मना दिसला नाय ते. बघितला असता तर तसाच सांगितला असता."

त्या दिवशी दामूदादाने मला भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. खाताना हिराबाई आपल्या घरचं बोलली. पूर्वी दामूदादा खाडीत होडी घालायचा आणि ही टोपली घेऊन बाजारात बसायची. मग खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी गेली. ही युनिटला लागली, आणि दामूदादा घरी बसून दुसऱ्यांची जाळी विणायला आणि चूल सांभाळायला लागला. पहिल्या महिन्यात, तिनेच सांगितलं, तिच्या अंगात वारं शिरलं. भावकीतली चार माणसं बसलेली असताना ती त्याला म्हणाली की कमावते मी, तू बोलू नको.  तो दोन दिवस जेवला नाही. हे सांगताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्यानेही तव्यावरून मान वर केली नाही. मग ती म्हणाली, होडीत दोघं असले की वल्हं मारणारा दमल्यावर दुसऱ्याने जागा घ्यायची असते, त्यात मोठा कोण आणि लहान कोण. जो वल्हं सोडत नाही तोच होडी बुडवतो.

मी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन विसरले. कारण मी तेव्हा प्रेमात होते.

मोहन आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या कंपनीत ड्राफ्ट्समन होता. डोंबिवलीचाच. गोरा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला तीन पेन्सिली. तो सांगायचा आणि मी करायचे, आणि यालाच प्रेम म्हणतात असं माझं प्रामाणिक मत होतं. हिरवी साडी नको, मोहनला आवडत नाही. मैत्रिणींबरोबर जायचं नाही, मोहन म्हणतो उगाच. माझं प्रत्येक वाक्य 'मोहन म्हणतो' पासून सुरू व्हायचं. हिराबाई मोजायची. संध्याकाळी मशीन पुसताना जाहीर करायची, आज चौदा झाले. एकदा मात्र हसता हसता थांबून म्हणाली, "तुझ्या तोंडात सगळा मोहन भरलाय, मग तू कुठं राहतेस गो?" मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

लग्न ठरलं. मोहनने सांगितलं की लग्नानंतर नोकरी नाही, आमच्या घरात बायका नोकरी करत नाहीत. मी म्हटलं, बरं. वाईट वाटलं, नाही असं नाही. त्याच महिन्यात मला साहेबांनी पर्मनंट केलं होतं. बावीस जणींत पर्मनंट होणारी मी पाचवी. घरी पेढे वाटलेले. पण मोहन म्हणाला म्हणजे संपलं. राजीनामासुद्धा त्यानेच लिहून दिला, ड्रॉइंगवर नावं घालतात तशा टोकदार, सरळ अक्षरात. मी फक्त सही करायची होती. तो कागद डब्याच्या पिशवीत घालून मी एका मंगळवारी कामावर गेले.

योगायोग बघा, आदल्या दिवशी टीव्हीवर मालिका संपली होती. शेवटच्या भागात मालिनीने नोकरी सोडली, शेखरच्या घराचं माप ओलांडलं, आणि आत्याबाईंनी डोळे पुसले. जेवायच्या सुट्टीत सगळ्या हिराबाईभोवती जमल्या. मी म्हटलं, हिराबाई, आज शेवट सांगाच, मी आता येणार नाही. आणि कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद हातात घेऊन नुसतं अक्षर बघितलं आणि विचारलं, हे तुझं अक्षर? मी म्हटलं, मोहनचं. तिने तो घडी करून मला परत दिला. मग आपला स्टूल उचलून माझ्यासमोर ठेवला, पदर खोचला, आणि म्हणाली की आज ती एकटी सांगणार नाही, ती शेखर आणि मी मालिनी.

बायका हसायला लागल्या. मला वाटलं, निरोपाची गंमत. हिराबाईने पोटातला आवाज काढला, "मालिनी, उद्यापासून तू हाफिसात यायचं नाही."

मी म्हटलं, "बरं."

पुढे काय, म्हणून सगळ्या वाट बघत राहिल्या. पुढे काहीच नव्हतं. एका शब्दात मालिका आटोपली होती. सुशीला फिसकन हसली. हिराबाई नाही हसली. ती म्हणाली, चल, जागा बदल, आता तू शेखर आणि मी मालिनी. मी उठून तिच्या स्टुलावर बसले. मोहन करायचं म्हटल्यावर मला काही अवघड नव्हतं, तो माझ्या बोटाबोटात होता. मी एक हात खिशात घातल्यासारखा केला, मान जराशी तिरकी केली आणि ऐटीत म्हटलं, उद्यापासून तू ऑफिसात यायचं नाही.

समोरून नाकातला आवाज आला, का? मी म्हटलं, आमच्यात चालत नाही. ती म्हणाली, का चालत नाही? मी म्हटलं, लोक बोलतील. काय बोलतील? मी मोहनसारखी भुवई वर केली, आणि त्याच्यासारखं बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून जे आलं ते मी आधी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. मी म्हटलं, "बोलतील, बायको पर्मनंट आणि हा अजून टेंपररी. त्याच्या कंपनीचं आज आहे उद्या नाही. मग घरात माझं कोण ऐकणार? मला भीती वाटते."

 मोहनला तीन वर्षं टेंपररी ठेवलं होतं हे मला माहीत होतं. त्याच्या कंपनीत संपाची बोलणी चालू होती हेही माहीत होतं. पण त्याला भीती वाटत असेल? तो सांगणारा, मी ऐकणारी. भीती वाटायची तर मला. त्याच्या जागी बसेपर्यंत मला ते दिसलंच नव्हतं. मी रडायला लागले, खिशातला हात तसाच ठेवून. मला वाटलं, आता हिराबाईची मालिनी जिंकल्यासारखं काही बोलेल. तिने आपला डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, आधी जेव. राजीनाम्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मी विचारलंच, तर म्हणाली, ते तुझं तू बघ, मी मालिकेपुरती.

त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर मी मोहनला विचारलं, तुला भीती वाटते का? तो असा भडकला की आजूबाजूचे लोक बघायला लागले. असलं कोण शिकवतं तुला, म्हणाला, आणि निघून गेला. एकवीस दिवस आला नाही. माझ्या आईने देव पाण्यात घातले. वडिलांनी बोलणं टाकलं. आणि मी सगळा राग काढला हिराबाईवर. शेजारी बसून तिच्याकडे ढुंकून बघायचे नाही. तुमच्या त्या मेल्या मालिकेने माझं लग्न मोडलं, असं तोंडावर म्हणाले एकदा. ती तार सोडत राहिली. टीव्हीची मालिका संपली तरी तिची चालूच होती, आणि त्या तीन आठवड्यांत तिचा शेखर कुठे तरी निघून गेला होता. बायका विचारायच्या, कधी येणार? ती म्हणायची, त्याच्या पायांनी गेलाय, त्याच्या पायांनी येईल.

मोहन आला. आमच्या युनिटच्या गेटपाशी उभा राहिला, इकडेतिकडे बघत म्हणाला, सध्या कर नोकरी, मग बघू. भीतीबद्दल तो काही बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. राजीनामा मी फाडला. लग्नात हिराबाई सगळं कोळीवाड्याचं सोनं घालून आली आणि मोहनकडे इतकं रोखून बघत होती की त्याने मला विचारलं, या बाईंना मी कुठे भेटलोय का?

पुढच्या वर्षी त्याची कंपनी खरंच बंद पडली. दीड वर्ष तो घरी होता. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगात वारं शिरलं. एकदा त्याच्या बहिणीसमोर मी त्याला असं बोलले की तो ताटावरून उठला. तेव्हा मला कोपरीचं ते घर आठवलं आणि मी त्याच्या मागे गॅलरीत गेले. नंतर त्याने घरीच ड्रॉइंगची कामं सुरू केली, ती वाढली. मग मुलं झाली, मी तीन वर्षं घरी बसले आणि तो मला विचारल्याशिवाय फ्रीज घेऊन आला. तेव्हा ताटावरून उठायची पाळी माझी होती. असंच चाललं आमचं. उत्तम चाललं म्हणणार नाही, पण बुडालो नाही.

तीन वर्षांनी मी पुन्हा युनिटला लागले, तेव्हा शेखर-मालिनी अजून नांदत होते. टीव्ही बघणाऱ्या कोणाला त्यांचं नाव आठवत नव्हतं आणि आमच्याकडे त्यांना दोन मुलं होती. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास मालकांनी युनिट लांब कुठे तरी हलवलं आणि आम्ही सगळ्या पांगलो. शेवटच्या दिवशी बायकांनी पुन्हा शेवट मागितला. हिराबाईने मशीनवर कपडा टाकला आणि म्हणाली की शेवट करायची घाई टीव्हीवाल्यांना असते, त्यांना पुढची जाहिरात लावायची असते.

दोन वर्षांनी कळलं की तिला अर्धांगवायूचा झटका आला. एका रविवारी मी आणि मोहन कोपरीला गेलो. ती खाटेवर होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. दामूदादा तिला भरवत होता. गजरा मात्र होता केसात, त्यानेच माळलेला, जरा तिरका. तिने मोहनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "ह्यो शेखर?" मी म्हटलं, हो. मोहनला वाटलं, आजारात नावं विसरली असेल.

बाहेर पडल्यावर स्टेशनकडे चालताना त्याने विचारलं, शेखर कोण? आणि मी, अकरा वर्षांनी, रस्त्यात उभी राहून त्याला सगळं सांगितलं. मालिका, भिंत, तो मंगळवार, बदललेले स्टूल. तो ऐकत राहिला. बावीस बायकांसमोर? असं एकदा विचारलं. मग म्हणाला, "आणि मी काय म्हणालो?" मी म्हटलं, "म्हणालास, मला भीती वाटते."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खिसे चाचपून म्हणाला, चष्म्याचं घर वाटतं तिथेच राहिलं, तू थांब. मी भाजीवालीपाशी थांबले, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. पंधरा-वीस मिनिटांनी तो आला. मी विचारलं, मिळालं? म्हणाला, खिशातच होतं. 

पुढच्या महिन्यात हिराबाई गेली. बाराव्याला मी एकटीच गेले होते, मोहन कामासाठी नाशिकला होता, संध्याकाळी परतायचा होता. माणसं जेवून उठली तसा दामूदादा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, तुझा घरवाला त्या दिवशी परत आलेला. मी म्हटलं, हो, चष्म्याचं घर विसरलेला.

"कसला घर," दामूदादा म्हणाला. "तिच्या खाटेजवळ बसला. म्हणाला, बाय, तुमच्या खेळात तेव्हा शेखर बोलला ते खरं होतं. लय भीती वाटलेली मला. एवढं बोलला आन् लहान पोरासारखा रडला."

माझे डोळे वाहायला लागले. मी विचारलं, मग हिराबाई काय म्हणाली?

"तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डावा. तो गेल्यावर मना म्हणाली, हे मालिनीला सांगू नको. त्याच्या डोक्यावर बसंल."

मी रडत होते त्यातच मला हसू फुटलं. बाराव्याच्या घरात तोंडावर पदर धरला. म्हटलं, दादा, मग तुम्ही मला का सांगितलंत? 

"आता तुला आवरायला ती नाय ना," म्हणाला. "म्हणून मी सांगतो. बसू नको."

घरी आले तर मोहन नाशिकहून येऊन, हातपाय धुऊन, जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होता. उशीर झाला, म्हणाला, काय म्हणतात दामूदादा? मी म्हटलं, बरे आहेत. आणि त्याच्यासमोर बसून दुसरी जुडी सोडली.